सावकाश चढणारी गाडी

कोल्हापूर,
रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज ताईने वाचून दाखवला. ‘मामाची गाडी अजून तयार नाही? डब्यात तर सगळं होतं!’ डब्यात सगळं नव्हतं, एवढं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर भागलं असतं. पण तू सॉल्ट लेक सिटीत राहतेस, मोआब तुझ्यापासून मोटारीने चार तासांवर, आणि असल्या गाड्यांचे लोक ज्या खडकांची नावं घेतात ते तुझ्याच राज्यात आहेत. तेव्हा तुला ही गोष्ट नीट माहीत असलेली बरी.

तू बॅगेतून आणलंस ते अ‍ॅक्सियल कंपनीच्या एससीएक्स-१० टू या रॉक क्रॉलरचं, म्हणजे खडकांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाडीचं किट. पिशव्यांतून स्क्रू, बेअरिंगं, गिअर, पोलादी पट्ट्यांची चासी आणि जीप चेरोकीची रंग न दिलेली पारदर्शक बॉडी. मोटर, बॅटरी, रिमोट यातलं काही नाही. ते ज्याचं त्याने जमवायचं. मामी म्हणाली, एवढे पैसे मोजून अर्धवट वस्तू कोण घेतं? ज्याला अर्धवटच हवी असते तो घेतो, असं मी म्हटलं. तिला ते पटलेलं नाही.

खऱ्या जीप खडकांवर चढवायचा नाद तिकडे जुना. मोआबची ईस्टर जीप सफारी १९६७ पासून भरते. कॅलिफोर्नियातली रुबिकॉनची वाट तर इतकी नावाजलेली, की जीपने आपल्या एका मॉडेलला तेच नाव दिलं. पण हाच खेळ रिमोटच्या गाडीने खेळायचा म्हटलं, तर या शतकाच्या सुरुवातीला दुकानात तशी तयार गाडी मिळायची मारामार. रिमोटच्या गाड्या पळण्यासाठी आणि उड्या मारण्यासाठी केलेल्या असत. मग हौशी मंडळींनी जपानच्या तामियाचा क्लॉड बस्टर उघडला. १९८७ सालचा हा मॉन्स्टर ट्रक, दोन्ही अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर, चारही चाकं वळणारी. त्यांनी त्याचे अ‍ॅक्सल तेवढे ठेवले, बाकीचं काढून टाकलं आणि मधे घरी कापलेली चासी बसवली. गिअर आणखी खाली आणले, डिफरन्शियल जाम करून टाकले. कंपन्या मागून आल्या. अ‍ॅक्सियलची पहिली एससीएक्स-१० आली २००९ मध्ये, तुझ्या डब्यातली टू २०१६ ची. पुढच्याच वर्षी ट्रॅक्ससने टीआरएक्स-४ काढली, तिचे अ‍ॅक्सल मर्सिडीजच्या युनिमॉगसारखे चाकाच्या मध्यापेक्षा वर बसवलेले, म्हणजे खालून दगडाला जागा जास्त. तर ही गाडी आधी लोकांच्या वर्कबेंचवर झाली आणि मग कारखान्यात गेली. म्हणूनच किट जोडून झालं की काम संपत नाही. माझं तर तिथूनच सुरू झालं.

डिफरन्शियल जाम का करायचे, ते तू मेकॅनिकल शिकलीस म्हणून सांगतो. रस्त्यावरच्या गाडीत वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, त्यासाठी डिफरन्शियल. खडकावर मात्र एक चाक हवेत लोंबकळतं, ते नुसतं गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म उभं. दोन्ही चाकं एकत्र बांधली की हवेतलं फिरलं तर खालचंही ओढतं. किंमत अशी की गाडी पटकन वळत नाही. टायर घासत, कुरकुरत वळते.

मोटरचं गणित उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांना चमत्कारिक वाटतं. ब्रश मोटरमध्ये आर्मेचरवर तारेचे वेढे जितके जास्त, तितका वेग कमी. पळणाऱ्या गाडीत वेढे कमी, आपल्याकडे ५५. एवढा खर्च करून गाडी हळू केली म्हणून पोरं हसतात. चढावर थ्रॉटल सोडला की स्पीड कंट्रोलर मोटरला धरून ठेवतो, गाडी जिथल्या तिथे उभी राहते. त्या उभं राहण्यातच निम्मा खेळ आहे. थांबायचं, वाकून बघायचं, पुढचं चाक कुठल्या खाचेत टाकायचं ते ठरवायचं आणि मग बोटभर पुढे.

खरा वेळ गेला तो वजनात. क्रॉलर हलका करायचा नसतो. वजन वाढवायचं, पण खाली आणि पुढे. उभ्या चढावर सगळा भार मागच्या चाकांवर जातो, पुढची उचलतात आणि गाडी पाठीवर उताणी पडते. बॅटरी मी बॉनेटखाली आणली, पण तेवढ्याने भागेना. पुढच्या चाकांच्या रिमच्या आत पितळी कडी घालायची असं ठरलं. बाजारात मिळतात, पण लेथ घरचं असताना कडी विकत घ्यायची म्हणजे माझ्या नावाला बट्टा. पितळेचा रॉड चकात धरला. बाहेरून ४४ मिलिमीटर, आतून ३०, रुंदी १२. पितळेला टूलचा रेक शून्य ठेवावा लागतो. पोलादाचं टूल तसंच लावलं तर ते आत खेचलं जातं आणि जॉबला खड्डा पडतो. पोलादासारखी लांब वेटोळी निघत नाहीत. बारीक पिवळा चुरा उडतो आणि बाहीतून थेट अंगात शिरतो. तयार कड्याचं वजन ८० ग्रॅमच्या आसपास भरलं. हेच अ‍ॅल्युमिनियमचं केलं असतं तर २६ ग्रॅम. हे वजन स्प्रिंगांच्या खाली, थेट चाकात बसतं, त्यामुळे बॉडी डुलत नाही आणि टायर दगडाला चिकटून राहतो.

टायरमध्ये हवा भरत नाहीत, फोम असतो. रिमला बारीक भोकं ठेवतात, म्हणजे दाबल्यावर आतली हवा निघून जाते आणि मऊ रबर दगडाच्या कडेवर पसरतं. तुमच्याकडच्या मोआबच्या वालुकाश्माचा पृष्ठभाग खरखरीत, त्यावर रबर धरून राहतं. आपल्या मसाई पठारावरचा जांभा भोकाभोकांचा आहे, कोरडा असताना पकड उत्तम. पावसात त्यावर शेवाळ धरतं, मग माझं ५५ वेढ्यांचं शहाणपण तिथेच बसून राहतं. खाली ओढ्यातला काळा दगड गुळगुळीत, तो उन्हाळ्यातसुद्धा दाद देत नाही.

एक खोट मात्र मला पहिल्या दिवशीच खटकली. डब्यावर १/१० माप लिहिलंय, चासीचा व्हीलबेस ३१३ मिलिमीटर. खऱ्या चेरोकीचा १०१.४ इंच, म्हणजे २५७६ मिलिमीटर. भागून बघ, १/८ च्या जवळ येतं. या क्षेत्रात १/१० हे माप कमी आणि वर्गाचं नाव जास्त. त्याला कोणी हरकत घेत नाही, पण व्हर्नियर हातात असलेल्या माणसाला झोप लागत नाही.

इथे हा छंद फार पसरलेला नाही. त्याचं एक कारण कस्टमवाले आहेत. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेली आणि २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळणी वाढावीत हा हेतू असेल, त्याला माझी ना नाही. पण असली गाडी इथे कोण बनवतं? म्हणून मोडलेला भाग मागवण्याऐवजी मी कापून घेतो. उद्यमनगरात कापून देणाऱ्यांची वानवा नाही.

आता पुढचं काम. चेरोकीची बॉडी मी रंगवली, आतल्या बाजूने, कारण या बॉडीला रंग आतूनच देतात आणि बाहेरून कितीही घासली तरी तो निघत नाही. पण चेरोकी आपल्याकडे कोणी बघितलीय? महिंद्राने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली, ती जीप मात्र गावोगाव ओळखीची. गडहिंग्लजला माझ्या मित्राकडे जुनी सीजे-३बी आहे, तिची मापं टेपने घेऊन आलो. व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. चेरोकीच्याच प्रमाणात धरलं तर चासी २४७ ची व्हायला हवी, पट्ट्या ६६ मिलिमीटरने कापायच्या. ड्राइव्ह शाफ्ट आणि लिंकाही तितक्याच आखूड होणार. आखूड गाडी चढावर लवकर उलटते, तेव्हा वजनाचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

बॉडी पत्र्याची करतोय. सध्या अडलोय ते समोरच्या काचेच्या चौकटीपाशी. खऱ्या जीपची चौकट बॉनेटवर आडवी पडते, माझीही पडायला हवी. बिजागरीची पिन एक मिलिमीटरची ठेवली तर डोळ्यांना जाड दिसते, पाऊण मिलिमीटरची पहिल्या कोलांटीला वाकेल. स्प्रिंग स्टीलची तार लावून बघतो. ती मिळते का ते उद्या शाहूपुरीत विचारणार आहे.

ताई बरी आहे, गुडघ्याची कुरकुर सोडून. मामीने मेतकूट करून ठेवलंय, कोणी येणारं असेल तर कळव.

तुझा,
मामा