पानांआधी फुलं (वर्ध्याचा वसंत : हप्ता दुसरा)

रविवार, ९ मार्च. पवनार

‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण ज्यानं काढली, त्यानं मार्चमधला पळस पाहिला नसावा, असं थोरलीचं मत पडलं. वर्ध्याहून नागपूरकडे निघालेल्या गाडीच्या डाव्या हाताला एक पळस उभा होता. पानं तीन सोडा, एकही नव्हतं. काळपट वाकड्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं, आणि त्यांत पाचसहा साळुंक्यांची भांडणं.

मागच्या हप्त्यातली वही आज पुन्हा दप्तरातून निघाली. शाळेच्या निबंधात थोरलीनं ‘वसंतात सृष्टी हिरवा शालू नेसते’ असं लिहिलं होतं आणि आजी त्यावर खो खो हसली होती. ‘कोठचा हिरवा शालू व? खिडकीतनं पाय जरा बाहेर.’ तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. एक ‘पानांआधी फुलं’, दुसरा ‘फुलांआधी पानं’. पहिल्यात पळस आणि काटेसावर आधीच बसले आहेत. दुसऱ्यात फक्त आंबा.

पवनार वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. धाम नदीचं पात्र आता बारीक झालं आहे. काळे खडक उघडे पडलेत आणि त्यांच्यामधल्या डोहांपुरतं पाणी उरलं आहे. धाकटा तिसरीत आहे, त्यामुळे त्याला नदीपेक्षा खडकांवरून उड्या मारण्यात रस. त्याच्या उड्यांनी उठलेली टिटवी मात्र पुढचा अर्धा तास शांत झाली नाही. तिची अंडी जवळपास असावीत असं बाबांना वाटलं. टिटवी घरटं बांधतच नाही. उघड्या खड्यांतच अंडी घालते आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. धाकट्याला खांद्यावर घेऊन मंडळी काठानं मागे फिरली.

पलीकडच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम. विनोबा १९३८ मध्ये इथं आले ते प्रकृती सुधारायला. जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यांत राम-भरत भेटीचं एक. १९५९ मध्ये त्यांनी इथंच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. शेती, स्वयंपाक, ग्रंथांची छपाई सगळं भगिनींच्या हातचं. नदीत गांधीजींच्या रक्षा-विसर्जनाची जागा आहे. १२ फेब्रुवारीला तिथं दरवर्षी सर्वोदय मेळा भरतो.

बाबा या सगळ्यापेक्षा एका महिन्यावर अडून बसले. १९५१ च्या मार्चमध्येच विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले होते, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली. म्हणजे भूदान उगवलं ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, याच पळसांच्या हंगामात. आईचा प्रश्न साधा होता : ‘पाणी कुठं प्यायले असतील?’ थोरलीनं वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न लिहून ठेवला. नऊ वाजता खडक तळव्यांना भाजू लागले आणि मंडळी परतली.

मंगळवार, ११ मार्च. घर आणि सेवाग्राम

आज कुठंच जायचं नव्हतं. पण गल्लीतल्या उंबरावर सकाळपासून कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत होतं. टुक, टुक, टुक. तो तांबट. हिरवा, मुठीएवढा, छातीवर लाल ठिपका. आवाज इतका ठाम की पाखरू दिसेपर्यंत धाकट्याला तो मोटारपंपच वाटला. तांबट वाळक्या फांदीत चोचीनं भोक पाडून घर करतो, म्हणून बागेतली प्रत्येक वाळकी फांदी छाटणाऱ्या माणसांशी त्याचं जमत नाही. शेजारच्या काकांना हे आजीनं सांगून पाहिलं. काका ‘बरं जी’ म्हणाले आणि दुपारी करवत घेऊन आले.

काही वर्षांपूर्वी वर्धेकरांनी मतदान करून शहरपक्षी निवडला होता. त्या निवडणुकीत तांबटही उमेदवार होता. जिंकला नीलपंख. संध्याकाळी सेवाग्राम रस्त्यावर निवडून आलेले महाशय विजेच्या तारेवर बसलेले सापडले. बसलेला नीलपंख मातकट, जरा सुस्त, फारसा न आवडण्यासारखा. उडाला की मात्र पंखांत दोन निळे रंग उलगडतात. मार्चपासून त्याचा विणीचा हंगाम सुरू होतो. नर हवेत उंच जाऊन घिरट्या घेत, कोलांट्या मारत, कर्कश ओरडत खाली येतो. प्रियाराधनाची ही पद्धत आईला फार ओळखीची वाटली. बाबांनी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. पहिल्या घरासाठी शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि सामान आसपासचंच वापरायचं, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, कौलं. आज मार्चच्या उन्हातून आदि निवासात पाऊल टाकलं की त्या अटीतलं शहाणपण अंगाला कळतं. पंखा नसताना गारवा.

आवारात गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे, आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ. पिंपळाची जुनी पानं निम्मी गळली होती. उरलेल्या फांद्यांवर तांबूस, झिलईदार पालवी इतकी पातळ की मावळतीचं ऊन पानांतून आरपार दिसावं. थोरलीनं वही काढली आणि थांबली. पिंपळाची फुलं कुठं असतात? फळाच्या आत. उंबराचीही तशीच. चिलटासारखी बारीक गांधीलमाशी आत शिरते तेव्हा परागण होतं. दोन रकान्यांच्या वहीला पहिला तडा इथं गेला. तिनं पिंपळ समासात लिहिला.

गुरुवार, १३ मार्च. होळी

दोन दिवस अंगणात चाकोल्या वाळत होत्या. शेणाच्या, मधोमध भोक असलेल्या, सुतळीत ओवायच्या. शेण मिळवणं हेच आता शहरात मोठं काम. आजीच्या माहेरी आर्वीकडे दारात गवळाऊ गाई होत्या. पांढऱ्या, उंच, लांब निमुळत्या तोंडाच्या. ही वर्धा जिल्ह्याची स्वतःची जात. आर्वी, आष्टी, कारंजा हे तिचं घर. दूध बेताचं, पण बैल चालीला वेगवान. दुधाच्या हिशेबात संकरित गाय जिंकली आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलाचा हिशेबही संपला. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. आजीला मात्र केंद्राचं कौतुक नाही. ‘गाय दारात पायजे, सरकारात नाई.’

रविवारी वेचून आणलेली पळसाची फुलं पातेल्यात उकळली. पाणी आधी पिवळं झालं. मग आजीनं पानाच्या डब्यातला चुना बोटभर टाकला आणि रंग डोळ्यांदेखत नारिंगी-लालसर चढला. धाकट्याला हा जादूचा प्रयोग वाटला. थोरलीनं विज्ञानाच्या पुस्तकातला आम्ल-आम्लारीचा धडा आठवून पाहिला. पळसाच्या पाकळ्यांतलं रंगद्रव्य अल्कलीत गडद होतं, तेवढंच. याच पाकळ्या झाडावर रंगासाठी नसतातच मुळी. त्या साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांना मधाची पाटी दाखवतात. पानं नसली की पाटी लांबून दिसते, आणि पाण्याची तूट असताना पानं पोसण्याचा खर्चही वाचतो.

रात्री होळीत चाकोल्यांची माळ गेली. पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या आल्या. धाकट्याची गाठी दहा वाजेपर्यंत अर्धी झाली होती.

धूळवडीबद्दल एवढंच : पळसाचा रंग अर्ध्या तासात धुतला गेला आणि पोट्ट्यांनी तो रंगच मानला नाही.

शनिवार, १५ मार्च. वायगाव, गिरड

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावला आईच्या मावसबहिणीचं सासर. गावाचं नाव घेतलं की लोक पुढचा शब्द स्वतःच म्हणतात : हळद. २०१६ मध्ये वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हिच्यात कुर्कुमिनचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास भरतं, ते बाजारातल्या पुष्कळ हळदींपेक्षा जास्त.

मानांकन कागदावर असतं, मार्चमध्ये मात्र हळद हवेत असते. शेतातली पानं वाळून आडवी झालेली, माती उकरून कंद काढलेले, आणि बांधाजवळ कढईखाली जाळ. जेठे गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. शिजल्याची खूण विचारली तर घरच्या मावशींनी काडी उचलून हळकुंडात खुपसली. ‘गेली न आरपार? झालं मंग.’ न शिजवता वाळवलं तर रंग एकसारखा मुरत नाही. शिजवल्यावर पंधराएक दिवस ऊन. मग खरखरीत साल निघावी म्हणून पिंपात घालून फिरवायचं. दुकानात दिसते ती चकाकी त्या फिरवण्याची.

धाकट्यानं विचारलं, ‘हळद झाडाला कुठं लागते?’ हसलं कुणी नाही. मावशींनी त्याच्या हातात मातीसकट एक गड्डा दिला आणि मोडायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याचे दोन्ही हात, शर्ट आणि गाडीची सीट धूळवडीपेक्षा पक्क्या रंगात होती. हळदीला फूल येतं ते पावसाळ्याच्या शेवटी, पानांच्या मधोमध, म्हणून ती दुसऱ्या रकान्यात.

जेवणात वांग्याची भाजी आणि रोडगे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, तुपात बुडवलेले. त्यानंतर कुणीही कुठं जाऊ नये हेच खरं. तरी चार वाजता मंडळी गिरडच्या टेकडीवर चढली, आणि हा हट्ट बाबांचा होता.

टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा. सगळ्या धर्मांची माणसं येतात. त्या दिवशीही नवसाची गर्दी होती. बाबांना दाखवायचे होते ते दगड. टेकडीवर गोल गोल खडे सापडतात, सुपारीएवढे, काही त्याहून मोठे. कथा अशी की दोन फिरते व्यापारी साधूची टवाळी करून गेले, तेव्हा त्यांच्याकडचे नारळ आणि सगळा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली. साधूनं वाळक्या पानांतून नवा माल करून दिला. व्यापारी मग इथंच सेवेला राहिले. टेकडीवर त्यांच्या कबरीही दाखवतात.

भूशास्त्र या खड्यांना झिओलाइटसारख्या खनिजांच्या गाठी म्हणतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्यांत हळूहळू खनिजं साचली. भोवतीचा खडक झिजला आणि गाठी मोकळ्या झाल्या. बाबांनी हे सांगून झाल्यावर आजीनं एक खडा हातात घेऊन फिरवला. ‘वाळक्या पानांतनं माल कराचा, हे त्यायनं मार्चातच केलं असन,’ ती म्हणाली. ‘आता बाकी काय असते इथं?’ खडा तिनं होता तिथंच ठेवला.

रविवार, १६ मार्च. बोर

पहाटे चारला उठून बोरधरण. थंडी अजून थोडी शिल्लक. बोर अभयारण्य १९७० चं, व्याघ्र प्रकल्प २०१४ पासून. गाभाक्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारीचं गाभाक्षेत्र सव्वासहाशेच्या आसपास आहे, यावरून बोरचा जीव कळावा. पण पेंच, मेळघाट, ताडोबा यांच्या मधोमध असल्यानं हे छोटं जंगल वाघांना वाटेतल्या मुक्कामासारखं उपयोगी पडतं.

वाघ दिसला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जिप्सीत बसलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाला ते फार लागलं. तीन तास त्यांनी फक्त पाणवठे विचारले. इकडे साग निष्पर्ण, सालई निष्पर्ण, जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर. त्यावरून मोर चालला तरी हत्ती चालल्यासारखा आवाज. एक नीलगाय, चितळांचा कळप, टकाचोराची जोडी. आणि एका वळणावर गोड, जराशी आंबूस हवा.

मोह. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. फिकट पिवळसर, मांसल, द्राक्षासारखी रसाळ. चितळं खाली वेचत होती. अस्वलही यासाठी येतं, असं गाईडनं सांगितलं. जंगलाबाहेरच्या गावांत हाच घरचा हंगाम. बायका पहाटे टोपल्या घेऊन निघतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची जुनी सवय, आणि तिथूनच पुष्कळदा वणवा सुटतो. वनविभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्यासाठीच्या जाळरेषा रस्त्याकडेला दिसत होत्या. काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. स्वस्त उपाय आहे. तो प्रत्येक मोहाखाली का नाही, याचं उत्तर जिप्सीत कुणाकडे नव्हतं.

परतीच्या वाटेवर गावाजवळ एका बाईंनी धाकट्याच्या ओंजळीत फुलं टाकली. ‘खाय बाबू, गोड असते.’ त्यानं चार खाल्ली, बाकीची खिशात ठेवली आणि घरी पोचेपर्यंत विसरला. पहिल्या रकान्यात मोहाची भर पडली.

रात्री दारातला कडुनिंब पाहून थोरली वही घेऊन बाहेर गेली. अंगणातल्या दिव्याखाली फांदी खाली ओढून तिनं बराच वेळ तपासली. शेंड्याला तांबूस कोवळी पानं, आणि त्यांच्याच बगलेत पांढऱ्या कळ्यांचे घोस. ‘आजी, याचं तर दोन्ही सोबतच येऊन राहिलं. हे कोणत्या रकान्यात लिहू?’

आजी पाडव्याला किती फुलं लागतील ते मोजत होती.