सागरतळाची साक्ष

सुरगाण्याच्या डोंगरांतून समुद्र दिसत नाही. पण तेथील ओढ्यांचे पाणी नार आणि पार या नद्यांतून वाहत जाऊन अखेर अरबी समुद्रासच मिळते. या डोंगरांत एखादे जनावर चुकले, तर जाणता गुराखी लगेच शेजाऱ्यावर आळ घेत नाही. आधी तो ओल्या मातीतील खुरांचे ठसे पाहतो, मोडलेली डहाळी पाहतो आणि मगच बोलतो. पण जेथे पाऊल उमटतच नाही, त्या समुद्रात माग कसा काढावा?

११ एप्रिल १९५५ रोजी हाच प्रश्न उभा राहिला. एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले होते. बांडुंग येथे आशिया व आफ्रिका खंडांतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. तिच्यासाठी ११ प्रवासी जात होते. कर्मचारी ८ होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय हेही याच विमानाने जाणार होते. परंतु त्यांचा बेत बदलला.

सुमारे पाच तासांनी, विमान १८,००० फूट उंचीवर असताना, एक स्फोट ऐकू आला. उजव्या पंखास आग लागली. कप्तान दामोदर काशिनाथ जटार यांनी त्या बाजूचे तिसरे इंजिन बंद केले व विमान पाण्यावर उतरविण्याचा निर्धार केला. संकटाचे संदेश गेले. धुराने कोंदलेल्या त्या विमानात हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी व इतर कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे दिली. पण उजवा पंख आधी पाण्यावर आदळला आणि विमानाचे तुकडे झाले. १९ जणांपैकी दीक्षित, पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघेच वाचले. कित्येक तास पाण्याशी झुंजल्यावर ‘डॅम्पियर’ या ब्रिटिश जहाजाने त्यांना उचलून घेतले.

आता दोष कोणाचा? वैमानिक चुकला की अभियंत्याची हयगय झाली? असा संशय घेणे सोपे होते, आणि मृत कप्तान उत्तर द्यावयास येणार नव्हता. म्हणून तपास करणाऱ्यांनी समुद्राच्या तळाशी गेलेले अवशेषच साक्षीस बोलावले. अवशेष वर काढून त्यांची बारकाईने तपासणी झाली. उजव्या चाकाच्या कप्प्यात स्फोटाच्या खुणा आढळल्या. घड्याळाच्या यंत्राचे वाकलेले तुकडेही मिळाले. कोणी तरी तेथे टाइमबाँब ठेवला होता! त्याने इंधनाची टाकी फुटली व आग भडकली. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने मे १९५५ मध्ये हा निष्कर्ष जाहीर केला.

संशय हाँगकाँग विमानतळावरील एका सफाई कामगारावर आला. पण तोपर्यंत तो तैवानला निघून गेला होता. त्याच्यावर खटला चालू शकला नाही. न्याय असा अपुरा राहिला. सत्य मात्र बुडाले नाही. जटार, बेरी, दीक्षित, पाठक व कर्णिक यांना पुढे अशोकचक्र हा शौर्याचा सन्मान मिळाला. कर्णिकांनी त्या अनुभवावर पुस्तकही लिहिले.

वाकलेल्या चार तुकड्यांनी एका कर्तव्यदक्ष माणसाच्या नावावरील संशयाची छाया पुसून टाकली. दोष देण्याची घाई झाली, तर निरपराध माणूस दुसऱ्यांदा मरतो. माती असो वा सागर, माग काढणाऱ्याने आधी पाहावे, मग बोलावे, हेच खरे.