दहीकाला आता मोबाइलवर

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तळकोकणातल्या जत्रा सुरू व्हायच्या आणि लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांत राहणाऱ्या चाकरमान्याला गावचा दशावतार, म्हणजे जत्रेतलं रात्रभराचं नाटक, पत्रातून कळायचा. तोही जत्रा आटोपून आठ-दहा दिवस झाल्यावर. कुठली कंपनी आली होती, राजपार्टाला कोण होतं, संकासुराच्या सोंगानं गावातल्या कुणाची फिरकी घेतली, एवढं चार ओळींत. गिरणीतली रजा गणपतीसाठी आणि शिमग्यासाठी राखलेली, त्यामुळे जत्रा हुकायची ती हुकायचीच. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पण तोवर जागरणं सोसायचं कितीजणांचं वय उलटून गेलं होतं. परळच्या दामोदर नाट्यगृहात अधूनमधून दशावतार लागायचा. त्या रात्री अर्धं कुडाळ आणि अर्धं वेंगुर्लं तिथं भेटायचं.

आता देवळासमोर तिपाईवर कॅमेरा लागतो आणि नाटक यूट्यूबवर थेट दिसतं. डोंबिवली-विरारची घरं ते बघतात, आखातात नोकरीला गेलेली पोरं बघतात. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं थांबलेली माझी आते रात्री जेवणं आटोपली की मोबाइलला चार्जर लावूनच बसते. पूर्वी ती शेजारणीला विचारायची, ‘आज नाटक खंय आसा?’ आता तीच चार गावच्या नाटकांतून एक निवडते. तिच्यासाठी ही गोष्ट किती मोठी आहे, हे तिच्याशेजारी बसून पाहिलं आहे. म्हणून कॅमेऱ्यामुळे कलेचा आत्मा हरवतो असं कुणी सरसकट म्हणालं की मला ते पटत नाही.

शिवाय दशावताराच्या बाबतीत चित्रीकरणाला एक वेगळंच मोल आहे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं, कुणी कुठला पार्ट करायचा, प्रवेश कसे जोडायचे, हे रंगायला बसता बसता ठरतं. बाकी सगळं उभं राहिल्यावर. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच झाड, तेच रणांगणातला रथ. बाजूला पखवाज, पायपेटी आणि झांज. राजा आणि ऋषी यांची भाषा पल्लेदार, विनोदी पात्रांची खणखणीत मालवणी. समोरून दाद आली तर संवाद लांबतो, एखाद्या पुराणकथेवरून दोन पात्रांत वादच जुंपतो. तो वाद उद्याच्या गावात तसाच होईल असं नाही. बाबी नालंग, बाबी कलिंगण या जुन्या नटांची नावं निघाली की जुनी माणसं अजून सावरून बसतात, त्यांची वाक्यं म्हणून दाखवतात. पण प्रत्येकाचं वाक्य निराळं. गॅसबत्तीच्या उजेडात, बहुतेक वेळा ध्वनिक्षेपकाशिवाय बोललेले ते शब्द बहुतेक विरून गेले. आजच्या एखाद्या तरुण नटाची रात्र मात्र राहू शकते. पेटारा डोक्यावर घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात चालत जाणाऱ्या कलावंतांना हे लाभलं नाही, याची हळहळ वाटते.

मधल्या काळात बाजारात व्हीसीडी आल्या. त्यांत ट्रिकसीनची नाटकं फार. धूर, दिवे आणि अधांतरी दिसणारे देव. ती बघायला मजा यायची, पण ती कॅमेऱ्यासाठी बेतलेली असायची आणि समोर गाव नसल्यामुळे नट एकट्यानंच बोलत असल्यासारखे वाटायचे. थेट प्रक्षेपणात निदान गाव असतं. पोरांचा गलका, मध्येच घुमणारी देवळाची घंटा, खाजेवाल्यांची दुकानं.

मला खटकतं ते दुसरंच. बरीच प्रक्षेपणं आख्यानापासून सुरू होतात. त्याआधीचा आडदशावतार, म्हणजे गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, संकासुर, हा भाग कंटाळवाणा समजून गाळला जातो. ज्यानं या खेळाची सुरुवात होते, तेच नव्या प्रेक्षकाला दिसत नाही. लढाईच्या वेळी कॅमेरा चेहऱ्याशी जातो आणि पखवाजाच्या बोलावर पडणारे पाय चौकटीबाहेर राहतात. ओमप्रकाश चव्हाणांसारख्या नटाचा स्त्रीपार्ट नुसत्या चेहऱ्यात मावत नाही. तो चालण्यात, वळण्यात, पदर धरण्यात असतो. कॅमेरा एका जागी ठेवला, पूर्ण रंगमंच दिसू दिला, तर पुरे. आणि व्हिडिओखाली गाव, तारीख, मंडळ, नटांची आणि वादकांची नावं लिहावीत. आज बऱ्याचदा नुसतं आख्यानाचं नाव असतं. तेच आख्यान एक मंडळ एका हंगामात पुन्हा पुन्हा करतं. कुठली रात्र कुठली, हे वीस वर्षांनी कसं कळणार?

पैशाचंही बोलायला हवं. जत्रेत गावाकडून मंडळाला बिदागी मिळते, खूश झालेला प्रेक्षक नटाच्या हातात बक्षीस ठेवतो. दूर बसलेल्या हजारो प्रेक्षकांचा हात तिथं पोचत नाही. चित्रीकरण करणाऱ्याचेही कष्ट आहेत, त्याला मोबदला मिळावाच. पण पडद्याच्या कोपऱ्यात मंडळाचा क्यूआर कोड रात्रभर ठेवायला काय हरकत आहे? करोनाच्या टाळेबंदीत जत्रा थांबल्या तेव्हा या नटांच्या घरची चूल कशी चालली, ते गावांनी पाहिलं आहे. मुंबईतला चाकरमानी बक्षीस द्यायला कधीच मागे नव्हता. आते तर भाच्याला आधीच बजावून ठेवते, पहाटे नाटक संपताना दहीकाला फुटेपर्यंत नाटक बंद करायचं नाही आणि शंभर रुपये नटांना पाठवायचे.