सिरोंच्याचा रस्ता आणि अब्बांची गाडी

चंद्रपूरहून सिरोंचा सुमारे २२० किलोमीटर. नकाशावर बोट ठेवले तर वाटते, न्याहारी करून निघावे आणि जुहरला पोचावे. प्रत्यक्षात बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, रेपनपल्ली, जिमलगट्टा अशी गावे मागे टाकेपर्यंत अस्रची वेळही टळत आलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत नात्यातल्या एका वलीम्यासाठी आम्ही हा रस्ता सहकुटुंब केला. निघायच्या आधी घरात आठवडाभर एकाच गोष्टीवर चर्चा चालली होती, ती म्हणजे मुले कोणत्या गाडीत बसणार.

आमच्या अब्बांकडे १९७१ सालची मार्क टू अ‍ॅम्बॅसेडर आहे. तरुणपणी ते लाकूड आणि तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे हिशेब लिहीत. मे महिन्यात तेंदूचा हंगाम लागला की आलापल्ली ते सिरोंचा हे त्यांचे अंगण. तेव्हा त्या भागात एसटीची एखादी फेरी, लाकडाचे ट्रक आणि साहेबांच्या जीपगाड्या एवढेच काय ते धावायचे. पुढे हाताशी चार पैसे आल्यावर त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. पुढचे सलग सीट, स्टिअरिंगजवळचा गिअर, जाड पत्रा, दार लावले की येणारा तो भरीव आवाज. त्यांची इच्छा साधी होती. आठ वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू यांना याच गाडीतून सिरोंच्याला न्यायचे आणि प्राणहिता दाखवायची.

आम्ही नको म्हणालो, तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही सगळे याच गाडीत मोठे झालात. तुम्हाला काय झाले?"

हा प्रश्न आपल्या अनेक घरांत विचारला जातो. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाबद्दल आणि काळी-पिवळी जीपच्या मागे लोंबकळणाऱ्या पोरांबद्दलही हेच बोलले जाते. ज्यांना काही झाले नाही तेच हा प्रश्न विचारायला शिल्लक असतात, हे वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगणे कठीण. म्हणून आम्ही वर्गात करतो तसे फळ्यावरचे गणित मांडले.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून पडण्याएवढा असतो. गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले, तर त्या क्षणी शरीरावर येणारा जोर वजनाच्या जवळजवळ २० पट होतो. आमचा धाकटा १४ किलोचा. म्हणजे त्याला मांडीवर धरून बसलेल्या आईच्या हातांना पावणेतीनशे किलोंचा हिसका बसणार. जगातली कुठलीही आई तो पेलू शकत नाही. आपण मुलाला छातीशी कवटाळतो तेव्हा ते सुरक्षित आहे असे वाटते खरे, पण त्या वेळी मूल आपल्या आणि डॅशबोर्डच्या मधे असते, आणि या गाडीचा डॅशबोर्ड लोखंडी आहे.

अब्बांचा दुसरा मुद्दा पत्र्याचा. जुना पत्रा जाड, आताच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण गाडी किती कमी चेपली यापेक्षा आतला माणूस किती सावकाश थांबला, यावर जीव अवलंबून असतो. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असाच बनवलेला असतो, म्हणजे धक्का तिथे जिरतो आणि बसायची जागा शाबूत राहते. अमेरिकेत २००९ साली विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ची शेवर्ले बेल एअर आणि २००९ची शेवर्ले मॅलिबू या दोन गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवून पाहिल्या. जुनी गाडी चांगली लांबरुंद, भरभक्कम दिसणारी. तिची बसायची जागाच कोसळली आणि चालकाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याला झालेली इजा प्राण घेणारी ठरली. मॅलिबूतल्या पुतळ्याच्या पायाला तेवढा मार लागला. ही फीत आम्ही अब्बांना दोनदा दाखवली. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

मधेच भाच्याने नवी टूम काढली. गाडी पन्नाशी ओलांडलेली, मग तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी का करू नये? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, २० हजार रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते आणि नोंदणी १० वर्षे चालते. ऐकायला झकास. पण अट वाचली आणि विषय संपला. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज गाड्यांची रॅली, तेल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे मुलांना घेऊन वलीम्याला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. साध्या नोंदणीवर ठेवायची तर दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, तेच आम्ही करत आलो आहोत. आणि मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४ ब या कलमानुसार १४ वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेले नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. त्यात घरच्या जुन्या गाडीला सूट लिहिलेली नाही.

मग पट्टे बसवून घ्यावेत का? आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा चाळीस वर्षे जुन्या गाड्या उघडत आहेत. ते गाडीखाली गेले, टॉर्च मारला, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने मागच्या तळाला टोचले. टोक आरपार गेले. त्यांचे म्हणणे असे की पट्टा कितीही भारी आणा, तो ज्या पत्र्याला बोल्टने आवळणार तो गंजलेला असेल तर धक्क्याला बोल्टसकट उपटून येईल. आधी तळ कापून नवा पत्रा जोडायचा, आतून जाड लोखंडी पट्टी द्यायची, मगच बोल्ट. नुसता कमरेचा पट्टा त्यांना मुलांसाठी पसंत नव्हता, कारण धक्का बसला की सगळा भार पोटावर येतो. खांद्यावरून येणारा पट्टा हवा, आणि तो लहान मुलाच्या गळ्यावर येऊ नये म्हणून खाली उंच आसन हवे. शिवाय तळाला भोक म्हणजे सायलेन्सरचा धूर आत येण्याची वाट. मागे झोपलेल्या मुलाला तो कळतही नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्यांनी बदलायला सांगितल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला खाते, नळी पाझरते आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकले की आग. त्या नळ्या आम्ही लगेच बदलल्या. पत्र्याचे काम मात्र चार दिवसांत होण्यासारखे नव्हते.

दारांचीही एक गोष्ट आहे. अ‍ॅम्बॅसेडरच्या आधी आपल्याकडे जी फुगीर फियाट होती तिची पुढची दारे उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली. चालत्या गाडीत खटका सुटला की वाऱ्यानेच दार सताड उघडायचे. लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. आमच्या आजीला ते नाव घरात चालत नसे, ती 'वो मोटी गाडी' म्हणायची! अ‍ॅम्बॅसेडरची दारे सरळ आहेत, पण आमच्या गाडीच्या मागच्या दारांना मुलांचे कुलूप नाही, आणि तीन वर्षांचे मूल आणि दाराचा चकचकीत दांडा यांचे नाते सगळ्यांना माहीत आहे.

तवक्कुलचा विषयही निघालाच. उंट बांधून ठेवू की अल्लाहवर सोपवून मोकळा सोडू, असे विचारणाऱ्या माणसाला नबी (स.) यांनी काय सांगितले, हे अब्बांनीच आम्हाला लहानपणी शिकवले होते. नातीने ते त्यांच्याकडूनच पुन्हा वदवून घेतले. शेवटी ठरले असे : अ‍ॅम्बॅसेडर येणार, मोठी माणसे तिच्यात. मुले धाकट्या भावाच्या गाडीत मागे, मोठी उंच आसनावर तिरक्या पट्ट्यात, धाकटा बालआसनात. हे आसन घेताना आम्ही एआयएस ०७२ किंवा ईसीई आर १२९ ही खूण पाहून घेतली. बाजारात नुसत्या गाद्यांनाही बालआसन म्हणून विकतात.

पहाटे फज्र पढून निघालो. आमच्यापैकी एक जण अब्बांशेजारी, दुसरा मुलांजवळ. सवारीची दुआ दोन्ही गाड्यांत झाली. बल्लारपूर सोडले की कोठारीचे जंगल लागते. इथेच कन्हाळगावचे अभयारण्य आहे, २०२१ साली घोषित झालेले. धुके होते. पुढची गाडी अचानक थांबली, चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता. अब्बांनी पाय दाबला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी थांबली, पण सावकाश, एखादी लादलेली बंडी थांबावी तशी. अब्बांनी मधे अंतर भरपूर ठेवले होते म्हणून निभावले. ते हे अंतर नेहमीच ठेवतात. जुन्या चालकांची ही अदब नव्या पोरांत दिसत नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ला तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. अब्बांच्या तोंडी अजूनही सगळा 'चांदा'च. शेतांत धानाचे पुंजणे उभे होते. इथून आलापल्लीपर्यंत सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक येतात आणि तांबडी धूळ उडवतात. आमच्या काचा उघड्या. आलापल्लीला वुजू करताना ओंजळीतले पाणी विटकरी झाले होते. बंद गाडीतली मुले तेवढीच स्वच्छ होती आणि आम्हाला पाहून हसत होती. जुहर कसर पढली, टाक्या भरल्या, भाकरी खाल्ली.

आलापल्लीच्या पुढे खरे जंगल. सागवान, ऐन, बांबू. याच भागात 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा जुन्या सागाचा राखलेला तुकडा आहे, २०१४ साली राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेला. फोनची पट्टी येते-जाते. जिमलगट्ट्याजवळ कुणाला काही झाले तर १०८ची रुग्णवाहिका बोलवायलाही आधी फोन लागला पाहिजे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय काही तासांवर. शहरात जो अपघात टाक्यांवर निभावतो, तो इथे निभावेलच असे नाही. आमच्या लेखी सगळ्यात मोठे कारण हेच होते.

एका रपट्यावरून अजून पाणी वाहत होते, घोट्याएवढे. पलीकडे चढल्यावर अब्बा एकदम बैलगाडीच्या चालीने गाडी हाकू लागले, डावीकडे सरकून, ब्रेकवर हलकेच पाय टेकवून. "ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक नसतोच. असा सुकवायचा," ते म्हणाले. पाचशे मीटर गेल्यावर पकड आली. समोरून दुचाकीवर नवरा-बायको आणि तीन लेकरे आली, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना कमरपट्टा, हेल्मेट आणि ताशी ४०ची मर्यादा, असा नियम २०२२ साली झाला आहे. पण ज्या गावाला दिवसातून एकच बस, तिथल्या बापाला नियम सांगणारे आपण कोण, असे मनात आले. आमच्याकडे निवड होती. त्याच्याकडे ती दुचाकीच होती.

वडधमला जीवाश्म पाहायला मुले उतरली. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे दगड झालेले लाकूड आणि डायनासोरची हाडे इथे सापडली आहेत. धाकट्याला वाटले, अब्बांची गाडीही त्याच काळातली.

मगरिबच्या आधी सिरोंचा आले. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू सगळे एकाच टपरीवर ऐकू येते. दुसऱ्या दिवशी प्राणहितेच्या काठी, मोकळ्या मैदानात अब्बांनी गाडी उभी केली, किल्ली काढून खिशात टाकली आणि दोघांना पुढच्या सलग सीटवर बसवले. नातीने स्टिअरिंग धरले, धाकट्याने हॉर्न. तासभर ती गाडी जागची न हलता हैदराबादला, मक्केला आणि चंद्रावर जाऊन आली.

सध्या गाडी मिस्त्री चाचांकडे आहे. मागचा तळ कापून झाला आहे, नवा पत्रा जोडणे चालू आहे. पट्टे बसले की मोठीला दिवसाउजेडी, ३०च्या वेगात, जटपुरा गेट ते पठाणपुरा गेट एवढी फेरी मिळणार आहे. धाकट्याला त्याचे आसन मागच्या सीटवर घट्ट बसते का ते पाहून. सिरोंच्याला मुले पुन्हा दुसऱ्याच गाडीने जातील. अब्बांचा आता एवढाच आग्रह आहे की पट्टे काळे नकोत, सीटच्या रेक्झिनला शोभतील असे तपकिरी हवेत. नागपूरला मिळतात म्हणे.