टाळ्यांचा आवाज

बायपासनंतरची सक्तीची विश्रांती. ८ सप्टेंबर २०११ च्या पहाटे तो पुण्यातल्या घरी टीव्हीसमोर बसला होता. कॅलिफोर्नियातल्या रेगन लायब्ररीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीच्या रिपब्लिकन इच्छुकांची वादचर्चा चालली होती. गव्हर्नर रिक पेरींच्या काळात टेक्सासमध्ये २३४ जणांना मृत्युदंड दिला गेला, असं सूत्रसंचालक म्हणाला आणि प्रश्न पुरा व्हायच्या आतच सभागृहात टाळ्या पडल्या.

हातातला चहा निवत गेला.

पाच दिवसांनी याच इच्छुकांची टँपातली चर्चा. विमा न घेतलेला तिशीचा तरुण कोमात गेला, तर मरू द्यायचं का? प्रश्न इच्छुकांपैकी रॉन पॉल यांना होता; ते स्वतः डॉक्टर. ते ‘नाही’ म्हणाले. गर्दीतून मात्र ‘हो’ असे काही आवाज आले.

त्याचा हात छातीवरच्या टाक्यांकडे गेला. सरकारी मदत नको, ही त्या लोकांची भूमिका त्याला समजत होती. पण त्या ओरडणाऱ्यांच्या घरी कुणीच आजारी नसेल?