नाईलकाठची भाकर

मे महिना सरत आला की आमच्या शेंदूरजनाघाटला एक दुपार अशी येते, की सावली पायाखाली शिरते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. संत्र्याच्या बागा, कलमांच्या रोपवाटिका, विहिरीच्या थारोळ्यातली ओल, आणि या सगळ्यावर तापलेलं वऱ्हाडचं ऊन. त्या दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, कडुनिंब आपली सावली पोटाशी ओढून घेतो, विहिरीत डोकावलं तर तळाच्या पाण्यात लख्ख उजेड हलत असतो, आणि वावरात उभा असलेला माणूस क्षणभर बिनसावलीचा होतो. या उन्हानं मला वाढवलं. म्हणूनच असेल, आस्वान नावाच्या गावाशी माझी पहिली ओळख झाली तीही उन्हातूनच.

जुने ग्रीक लोक त्याला सिएनी म्हणत. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसच्या कानावर आलं, की दूर दक्षिणेला, सिएनीत, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी ऊन विहिरीच्या तळाला टेकतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडे. त्या सावलीचा कोन त्यानं मोजला, तो वर्तुळाचा पन्नासावा भाग निघाला. मग दोन गावांमधल्या अंतराला पन्नासनं गुणून त्यानं अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. शाळेत हे शिकले तेव्हा गणित मागे राहिलं आणि विहीर तेवढी मनात उतरली. तळाला टेकलेलं ऊन मला ठाऊक होतं. कुठेतरी आपल्यासारखीच एक विहीर आहे, एवढं पुरेसं होतं.

आंबिया बहाराची तोड आटोपली आणि एका हिवाळ्यात मी तिथे जाऊन पोचले. कैरोहून निघालेली रात्रीची गाडी पहाटेपासून नाईलच्या कडेकडेनं धावत होती. खिडकीतून एकीकडे ऊस, खजुरी, गव्हाचे हिरवे चौकोन, आणि त्या हिरव्याची कड संपली की लगेच वाळवंट, जणू कुणी दोरी लावून आखून दिलेलं. आस्वानला नदी वेगळीच होते. इथे तिचा पहिला धबधबा, म्हणजे पात्रात विखुरलेले ग्रॅनाइटचे काळेभोर, गुळगुळीत खडक. हजारो वर्षं पाण्यानं घासून घासून त्यांच्या पाठी हत्तीच्या पाठीसारख्या झालेल्या. त्यांच्यामधून नदी निळी, मग हिरवी, मग पुन्हा निळी होत उत्तरेला वळते. पश्चिमेच्या काठावर मधाच्या रंगाची वाळू थेट पाण्यात उतरते. ढग नाही, पावसाची आस नाही, फक्त एक विशाल, निर्मळ, न संपणारं ऊन, आणि त्यातून पांढऱ्या शिडाची एखादी होडी वाऱ्यावर तिरपी होऊन निघालेली.

इथे ऊन उन्हात न्हातं.

एलिफंटाइन बेटावर दगडी पायऱ्या थेट नदीत उतरतात आणि त्यांच्या कडेच्या भिंतीवर पाण्याची पातळी मोजायच्या खुणा कोरलेल्या आहेत. पूर कुठल्या खुणेपर्यंत चढला यावरून यंदा पीक किती आणि सारा किती हे ठरे. मृगाच्या तोंडावर आभाळाकडे पाहत बसणारी आमची माणसं मला तिथे दिसली. त्यांचं पाहणं वर होतं, यांचं खाली, काळजी तीच. याच बेटाचा देव ख्नूम, मेंढ्याच्या तोंडाचा. कुंभाराच्या चाकावर तो माणसं घडवतो अशी इजिप्तची जुनी श्रद्धा. गावाबाहेरच्या खाणीत एक प्रचंड स्तंभ अजून आडवा पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब, हजार टनांहून जड. घडवता घडवता त्याला तडा गेला आणि कारागिरांनी तो जागच्या जागी सोडला. त्याची एक बाजू अजून आईखडकाला चिकटलेली आहे. हात ठेवला तर दगड उन्हानं कोमट लागतो. तो कुठे गेला नाही, कुणाच्या विजयाची खूण झाला नाही. जिथे जन्मला तिथेच राहिला.

हे भाग्य इथे सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही.

होडीतून जाताना पश्चिमेच्या टेकडीवर एक घुमट दिसतो. तिसऱ्या आगाखानांची ती कबर. पुण्यात १८९२ मध्ये ज्यांनी महाल बांधला, ज्या महालात नजरकैदेत असताना १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबांनी प्राण सोडला, तेच हे आगाखान. जन्म कराचीचा, आयुष्य युरोपभर, पण हिवाळे त्यांनी आस्वानच्या उन्हात काढले आणि शेवटची माती इथली मागितली. त्यांच्या मागे त्यांच्या बेगम कबरीवर रोज एक लाल गुलाब ठेवीत. आपली माती आपण निवडावी, आणि ती मिळावीही! त्या घुमटाकडे पाहताना मन भरून आलं, आणि लगेच पलीकडच्या काठावरची रंगीत घरं दिसली. निळी, हळदी पिवळी, शेंदरी. ती नुबियन लोकांची.

नुबिया म्हणजे आस्वानपासून दक्षिणेला सुदानपर्यंत नाईलच्या दोन्ही काठांनी पसरलेला मुलूख. सावळ्या, उंच, गाणाऱ्या माणसांचा. त्यांच्या राजांनी एके काळी अख्ख्या इजिप्तवर राज्य केलं. मग १९०२ मध्ये आस्वानला इंग्रजांनी धरण बांधलं, पुढे १९१२ मध्ये आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली, आणि दर वेळी पाणी वर सरकलं. माणसंही काठ चढत वर सरकली आणि पुन्हा घरं बांधती झाली. पण १९६० मध्ये मोठ्या धरणाचं काम सुरू झालं तेव्हा वर सरकायला काठच उरणार नव्हता. जग हळहळलं ते देवळांसाठी. युनेस्कोनं हाक दिली, देशोदेशींचे लोक धावून आले, अबू सिंबेलचं देऊळ हजाराहून अधिक ठोकळ्यांत कापून ६५ मीटर उंचावर पुन्हा उभं केलं, फिले बेटावरची इसिस देवी शेजारच्या अगिल्किया बेटावर नेली. एकेका दगडावर आकडा घातला होता, की त्याची जागा चुकू नये.

माणसांवर आकडे नव्हते. १९६३-६४ मध्ये सुमारे पन्नास हजार नुबियन लोक आगबोटीत आणि गाड्यांत बसून उत्तरेला, कोम ओम्बोच्या बाजूला, सरकारी सिमेंटच्या चाळींत गेले. नदी तिथून दूर होती. नवी नवरी, नवं बाळ जिच्या पाण्यात न्हाऊन घरात यायचं, जिच्या तळाशी राहणाऱ्या अदृश्य जिवांना बायका घास वाहायच्या, ती नदी आता दाराशी नव्हती. हे ऐकताना माझी माय आठवली. लहानपणी नदीवर गेलं की ती म्हणायची, "पान्यात पाय टाकाच्या आंधी आसरामायले हात जोड." काठावरचे शेंदूर लावलेले ते सात गोटे, साती आसरा. पाण्यात कुणीतरी राहतं, त्याला विचारून उतरावं, ही समजूत इतक्या दूर, इतक्या वेगळ्या माणसांत मला भेटावी! त्यांनी नव्या वस्त्यांना जुन्या गावांचीच नावं दिली. तोश्का गाव बुडालं, पण त्या गावात जन्मलेला हमझा अल दीन ऊद वाजवत जगभर फिरला. १९७१ मध्ये त्यानं रहाटावर एक दीर्घ रचना मुद्रित केली. बैल फिरताहेत, पोर अर्धवट झोपेत त्यांच्यामागे, लाकूड कुरकुरतंय, पाणी वर येतंय. ती ऐकताना आमच्या विहिरीवरची बंद पडलेली मोट माझ्या कानात हलली.

आस्वानजवळच्या ज्या नुबियन गावात मी राहिले, तिथे घराच्या मधोमध अंगण होतं आणि अंगणात स्वच्छ चाळलेली वाळू. भिंतीत चिनी मातीच्या बशा बसवलेल्या, वर कमानीचं छत, दारावर मगर आणि खजुरी रंगवलेली. घरच्या आजीनं मला आधी लाल सरबत दिलं. गडद, आंबट-गोड, जिभेला किंचित आवळून धरणारं. ते कर्कदे. पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ही तर आपली लाल अंबाडी! पराटीच्या कडेनं जिचं एखादं तास माझी आजी हटकून पेरायला लावायची, जिच्या बोंडांची चटणी, पाल्याची भाजी आणि सालीचा दोर व्हायचा, ती.

मग ती नुबियन आजी चुलीपाशी बसली. सपाट लोखंडी तव्यावर आंबवलेलं पातळ पीठ तिनं ओतलं आणि लाकडी पट्टीनं ते सर्रकन पसरवलं. वाफ उठली. तो वास आंबट होता, पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता, आणि तो मी हजार माणसांत ओळखला असता. मी परातीकडे बोट केलं. तिच्या सुनेनं मोडक्या इंग्रजीत आणि हातांनी सांगितलं, उंच वाढतं, वर कणूस येतं, पांढरे दाणे. ज्वारी.

मी हात धुतले आणि पीठ मागितलं. पाणी कढवलं, ओंजळभर पिठात मध्ये आळं करून ते ओतलं, तळव्याच्या टाचेनं चांगलं मळलं. पिठाला विरी होती. गोळा फिरवत थापायला लागले तशी कड गोल सुटत गेली, कुठे तडकली नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग आरावर उभी धरली, आणि भाकर टम्म फुगली. आजीनं दोन्ही हात तोंडावर नेले आणि हसली. तिनं पापुद्रा उचलला, आतली वाफ तोंडावर घेतली, आणि तुकडा मोडून आधी मला भरवला. मी केलेली भाकर तिनं मला भरवली.

तेव्हा मला कळलं, की भरवणारी तीच आहे.

अबू सिंबेलच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर वाळवंटात नाब्ता प्लाया नावाची जागा आहे. तिथल्या जुन्या चुलींपाशी रानटी ज्वारीचे जळके दाणे सापडले, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे. पुढे पूर्व सुदानात, नाईल आणि तिच्या उपनद्यांच्या मुलुखात, कुणी तरी मोठं कणूस निवडून बाजूला ठेवलं, पुढच्या साली पेरलं, पुन्हा निवडलं. शेतात नांदणारी ज्वारी तिथे जन्मली, आणि आजपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोचली. ती कुणाच्या गाठोड्यातून आली, कुठल्या बंदरात उतरली, कुठल्या बाईनं पहिल्यांदा तिचं पीठ कढत पाण्यात मळलं, त्यांची नावं कोणत्याही देवळाच्या भिंतीवर नाहीत. पण वऱ्हाडातल्या प्रत्येक काठवटीत त्यांचा हात आहे. हुरड्याच्या दिवसांतला धूर, माळ्यावरून फिरणारी गोफण, ज्वारीच्या कण्या, अंबाडीच्या भाजीवर ओतलेली लसणाची फोडणी, ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या आपलं म्हणत आलो त्यातलं कितीतरी नाईलच्या बाजूनं चालत आलेलं आहे. दगड हलवायला जगानं सैन्यासारखी यंत्रं लावली. दाणा मात्र कुणाच्या तरी ओटीतून समुद्र ओलांडून आला.

मी कलमांच्या गावची. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना लहानपणापासून पाहत आले आहे. साल हलकी उकलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची आणि वाट पाहायची. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं, आणि झाड एकच. माणसांचंही असंच असावं, असं त्या अंगणात मला खोलवर वाटलं. पण डोळा जगतो तो बांधणाऱ्याच्या हातात माया असली तर. उपटून फेकलेल्या फांदीला कलम म्हणत नाहीत. कोम ओम्बोला गेलेल्या माणसांना, आणि इकडे मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं तेव्हा ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्या आपल्या माणसांनाही, कुणी पट्टी बांधली होती का? त्या जलाशयाला आपण नल-दमयंती सागर असं सुंदर नाव दिलं. रानात एकमेकांना हरवून बसलेल्या त्या दोघांचं नाव घेताना, तळाशी निजलेल्या गावांचीही नावं ओठांवर यायला हवीत.

परत आले तेव्हा वावरं नव्या नजरेनं पाहिली. गेल्या काही दशकांत सोयाबीन आलं, बागा वाढल्या, आणि ज्वारी मागे हटत हटत धुऱ्यापर्यंत आली; कित्येक शिवारांत तर दिसतही नाही. कडबा गेला, बैल गेले, पाखरं गेली. संत्र्यासाठी आम्ही बोअर खोल खोल नेले, आणि वरुड-मोर्शीचा हा पट्टा भूजलाच्या हिशेबात डार्क झोन ठरला. थोड्या पाण्यात, कडक उन्हात, काही न मागता उभं राहणारं पीक आमच्याच हातांनी आम्ही निरोप देऊन घालवलं. धरणानं बुडालेली गावं निदान दिसतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंती वर येतात. असं हळूहळू बुडणारं काही डोळ्यांना दिसत नाही.

यंदा मृग लागला की बागेच्या कडेनं गावरान ज्वारी पेरायची आणि तिच्या शेजारी लाल अंबाडीचं एक तास, हे मी ठरवून टाकलं आहे. बियाणं मिळवलं आहे. त्यातून बाजार होणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. पण नाईलच्या मुलुखातल्या आयाबायांनी राखलेला दाणा आपल्याकडे पाहुणा म्हणून आला, आपण त्याला घरचं केलं, त्याच्यावर पोसलो, तेव्हा कुठे वऱ्हाडी झालो. त्याला घराबाहेर काढायचा हक्क आपल्याला नाही.