दृष्टादृष्ट

दोन माणसांची दृष्टादृष्ट व्हावयास फारशी सामग्री लागत नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून मात्र हल्लीं या कामासाठीं एक स्वतंत्र दालन राखलेलें असतें. भिंतभर पडदा, बहुधा त्याच्या माथ्यावर बसविलेला कॅमेरा, छतांत ध्वनिक्षेपक आणि मेजावर आवाज टिपणारीं यंत्रें. मुंबईचे साहेब बोलूं लागले कीं नागपूर, सोलापूर आणि सिंगापूर एकाच वेळीं माना डोलावतात.

ही हौस कांहीं आजची नव्हे. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत बेल कंपनीनें आपला 'पिक्चरफोन' लोकांपुढें मांडला, आणि ३० जून १९७० रोजीं पिट्सबर्ग शहरांत त्याची व्यापारी सेवा सुरू झाली. पहिलें संभाषण तेथील महापौरांनीं एका ॲल्युमिनियम कंपनीच्या अध्यक्षांशीं केलें. यंत्राचें भाडें होतें महिन्याला १६० डॉलर! इतके पैसे मोजून समोरच्याला आपलें तोंड दाखवावें असें फारच थोड्यांना वाटलें, आणि ती सेवा कांहीं वर्षांतच बारगळली. बेल कंपनीला जें साधलें नाहीं, तें २०२० सालच्या साथीनें कांहीं आठवड्यांत करून दाखविलें. घरांत कोंडलेलीं माणसें पडद्यावर भेटलीं, व्यवहार चालू राहिले, कित्येकांच्या चुली पेटत्या राहिल्या. हा उपकार मी लहान मानीत नाहीं.

पण या यंत्रांत एक पेंच आहे. तुम्ही पडद्यावरील माझ्या चेहऱ्याकडे पाहूं लागलांत कीं मला तुमच्या पापण्या खालीं झुकलेल्या दिसतात. तुम्ही माझ्या डोळ्यांत पाहत आहां असें मला वाटावयाचें, तर तुम्हांला माझ्यावरची नजर काढून कॅमेऱ्याच्या भिंगाकडे लावावी लागते. म्हणजे पाहावें तर पाहिल्यासारखें दिसत नाहीं, आणि पाहिल्यासारखें दिसावें तर पाहतां येत नाहीं! जाणते वक्ते यांतली दुसरी वाट धरतात.

मी ज्या कचेरींत होतों, तिची आमची शाखा बंद करावयाची असें वरिष्ठांनीं ठरविलें. ही वार्ता आम्हां अकरा जणांना अशाच एका दालनांत बसवून सांगण्यांत आली. सांगणारे गृहस्थ कांहीं दुष्ट नव्हते. त्यांचा आवाज मृदु होता, शब्द जपून निवडलेले होते, आणि नजर आमच्यावर खिळलेली दिसत होती. 'शाखा बंद' हे शब्द कानीं पडतांच आमचे वृद्ध हिशेबनीस उठून उभे राहिले. त्यांना कांहीं बोलावयाचें नव्हतें, बसवेना, इतकेंच. साहेब समोर असते तर त्यांनीं वाक्य अर्ध्यावर सोडलें असतें, निदान "बसा हो" एवढें तरी म्हटलें असतें. पण ते आमच्या डोळ्यांत पाहत असल्यासारखे दिसत होते, म्हणूनच आम्ही त्यांना दिसत नव्हतों. ते बोलत राहिले, आणि हिशेबनीस उभे राहिले. अखेर मीं त्यांना हातानें धरून खालीं बसविलें.

यंत्राचा यांत अपराध नाहीं. आंकडे, नकाशे, नवे भाव, कामाच्या सूचना यांनीं खुशाल पडद्यावरून जावें. त्यांना कोणाच्या चेहऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. पण ज्या शब्दांनीं ऐकणाऱ्याच्या पायांखालचें जोतें हालणार आहे, ते शब्द घेऊन माणसानें रात्रीच्या गाडीनें स्वतः यावें. त्याला एका रात्रीचें जागरण पडेल. ऐकणाऱ्याला पुढें किती पडणार आहे!

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रांच्या अखेरीस 'बाकी मजकूर समक्ष भेटीअंतीं' असें एक वाक्य हटकून असे. कागद संपला म्हणून तें लिहिलेलें नसे. त्या वाक्याखालीं बहुधा चार बोटें कोरी जागा शिल्लक असे.